आठही नग तपासले

५ फेब्रुवारी

भिंगरीस मावशीचे आशीर्वाद आणि सोबत एक धपाटा,

तीन आठवडे झाले, तुझी दोन ओळींची चिठ्ठी नाही. परदेशातल्या आपल्या वकिलातीत टायपिस्ट झालीस म्हणून मावशीला पत्र लिहायलाही राजदूतांची सही लागते की काय? तुझी आई मला विचारते, मी तिला विचारते, आणि मग दोघी मिळून तुझा उद्धार करतो. सरकारी टपालाची थैली दर आठवड्याला निघते, ती वाटेत कोणी उघडत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस.

इथे माझी नुसती तारांबळ चालली आहे. तू राहतेस त्या देशाचे अध्यक्ष सोमवारी आपल्याकडे येताहेत. मोठे साहेब भाषणं लिहितात आणि आमच्या झेंडाखोलीत मी आणि माझं मशीन खडखडत बसतो. गाड्यांवरचे छोटे झेंडे आठ हवेत. चार गाड्या, गाडीला दोन. निळं कापड, मधे पांढरा पक्षी, चोचीत फांदी. पूर्वी त्या पक्ष्याच्या डोक्यावर सोनेरी मुकुट असायचा. तिकडच्या लोकांनी राजाला हाकललं तेव्हा झेंड्यावरचा मुकुटही गेला. मला विचारशील तर बरंच झालं. तो मुकुट शिवताना डोळ्यांत पाणी यायचं.

त्यांच्या इथल्या वकिलातीतला एक तरुण अधिकारी झेंडे तपासायला रोज येतो. मी त्याचं नाव फूटपट्टी ठेवलंय. खिशात लाकडाची एवढीशी फूटपट्टी घेऊन फिरतो. पक्ष्याचा पंख मोजतो, चोच मोजतो, दोन टाक्यांमधलं अंतर मोजतो. काल मी म्हटलं, "अरे, जेवताना घास पण मोजतोस का?" तर लाजला. आपली भाषा बरी बोलतो, फक्त सगळ्यांना 'आपण' म्हणतो, चहावाल्याला सुद्धा. सगळे झेंडे तपासून झाले की त्याने एका चिठ्ठीवर सही करायची, 'आठही नग तपासले, योग्य आहेत.' ती चिठ्ठी साहेबांकडे जाते आणि मग झेंडे गाड्यांवर चढतात. एवढ्या वर्षांत कोणी इतकं मन लावून माझी शिवण पाहिली नव्हती. वैताग येतो आणि बरंही वाटतं.

साहेब मात्र परवा ओरडले. नियमाप्रमाणे जुने झेंडे दोन साक्षीदारांसमोर जाळायचे असतात. माझ्या कापायच्या टेबलाखालची ट्रंक तुला ठाऊक आहे. हाताने शिवलेलं कापड मला जाळवत नाही, काय करू? "या आठवड्यात नक्की," म्हटलं. गेली अकरा वर्षं तेच म्हणते आहे.

पत्र लिही.

तुझी मावशी

---

१७ फेब्रुवारी

मावशीला नमस्कार. धपाटा पोचला, पण आता थट्टा करायची वेळ नाही.

मावशी, काय झालं गं तिथे? इथल्या सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर एकच फोटो आहे. अध्यक्षांची गाडी वळणावर आहे, झेंडा वाऱ्याने पूर्ण उघडलाय आणि पक्ष्याच्या डोक्यावर मुकुट दिसतोय. त्याच्याभोवती लाल गोल काढून छापलाय. राजाच्या बाजूचे काही लोक पळून आपल्याकडे राहतात ना, ते म्हणे रस्त्याच्या कडेला उभे होते आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुला तिथून कळणार नाही मुकुट म्हणजे इथे काय आहे ते. राजाच्या काळात घरातलं माणूस गेलं नाही असं घर या गल्लीत नाही. लोकांनी जुन्या नाण्यांवरचे मुकुट सुद्धा दगडावर घासून काढलेत. आणि आपण त्यांच्या अध्यक्षांना त्याच मुकुटाखाली शहरभर मिरवलं!

वकिलातीच्या दारावर अंडी फेकली. कोपऱ्यावरची भाजीवाली मला "माझ्या मुली" म्हणायची. काल तिने माझ्यासमोर टोपलीवर फडकं टाकलं. आपली चार हजार माणसं इथल्या बंदरात काम करतात, त्यांच्या परवान्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपते, आणि कागद कुठे अडलेत ते कोणी सांगत नाही. राजदूत दिवसभर फोनला चिकटलेले असतात.

तुला कोणी काही बोललं नाही ना? तुझ्यावर बालंट आलं तर मी इथून काय करणार? तुझ्या हातून असं होणार नाही हे मला माहीत आहे. मग कोणी केलं?

लगेच लिही.

भिंगरी

---

२६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

काळजी करू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो. डॉक्टरांनी नवा चष्मा दिलाय, त्यातून जिना तिरका दिसतो.

चौकशी झाली. तीन साहेब आले होते. त्यांनी चिठ्ठी पाहिली. आठही नग तपासले म्हणून फूटपट्टीची सही आहे, तारीख आहे, वेळ आहे. मला काही फार विचारलं नाही. मीही विचारल्याशिवाय बोलले नाही.

घरमालकाने अखेर गळका नळ बदलला. तुझ्या आईचं बरं आहे. तिकडे गारठा असेल तर कानाला गुंडाळून बाहेर पडत जा, आणि भाजीवालीकडे लक्ष देऊ नकोस.

झेंड्याबद्दल पत्रातून फार लिहीत बसू नये, असं मला वाटतं.

मावशी

---

१० मार्च

मावशी,

जीव भांड्यात पडला! तू सुटलीस!

गेल्या आठवड्यात राजदूतांनी इथल्या परराष्ट्र खात्याला खलिता पाठवला आणि तो मी टाइप केला. माझ्या हाताने! त्यात तुझ्या खोलीतल्या चिठ्ठीची नक्कल जोडली आहे. 'सदर ध्वजांची तपासणी आपल्याच अधिकाऱ्याने करून आठही नग योग्य असल्याचे लेखी कळवले होते, तरी झाल्या प्रकाराची जबाबदारी आमच्या देशावर येत नाही.' पाच प्रती काढल्या, एकही खाडाखोड नाही. दुपारपर्यंत त्यांचा सूर बदलला. संध्याकाळी बंदरातल्या माणसांचे परवाने मंजूर झाल्याचा फोन आला. सचिवसाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्या टायपिंगचं कौतुक केलं.

तुझ्या त्या फूटपट्टीला इथे परत बोलावून अटक केली आहे. त्याचा काका म्हणे राजवाड्यात घोडे सांभाळायचा. तेवढं त्यांना पुरलं. आता सगळे म्हणतात, हा आतून राजाचा माणूस, मुद्दाम केलं. मलाही तेच खरं वाटलं. एवढं मोजणाऱ्या माणसाला मुकुट दिसला नाही, असं कसं होईल?

परवा त्याची बायको आमच्या खिडकीशी आली. हातात पिशवी, त्यात कागद. तिला झेंडाखोलीतून काही लेखी हवं होतं, त्या सकाळी नेमकं काय झालं ते. म्हणाली, "माझा नवरा न पाहता सही करत नाही. जर केली असेल तर कोणीतरी त्याला करायला सांगितलं असेल." मी काचेतून तिला म्हटलं, "बाई, सही तुमच्याच माणसाची आहे." पाठ केल्यासारखं, स्वच्छ. सचिवसाहेब मागे उभे होते, त्यांनी मान डोलावली. ती म्हणाली, दर गुरुवारी येईन.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. पुढचं आज लिहिते आहे.

सकाळी फायलीत त्या फोटोची मोठी प्रत हाताला लागली. वर्तमानपत्रात छापली होती त्याच्या चौपट. मावशी, पक्ष्याच्या डोक्यावर मुकुट नाहीये. मुकुटाच्या आकाराचा गडद निळा डाग आहे आणि त्याच्या कडेने बारीक भोकं आहेत, ओळीने. मी लहानपणापासून तुझ्या टेबलाखाली बसून शिवण उसवत आले आहे. उसवलेल्या टाक्यांची भोकं मला नाही ओळखू येणार तर कोणाला?

त्या माणसाला शिवता-उसवता येत नाही. तो फक्त मोजतो, हे तूच लिहिलं होतंस.

मला खरं सांग.

भिंगरी

---

१९ मार्च

भिंगरी,

तू विचारलंस ते बरं केलंस. कोणी विचारेपर्यंत मी गप्पच बसले असते, इतकी मी भित्री निघाले.

त्या सोमवारी सकाळी सात झेंडे तयार होते. फूटपट्टीने सातही मोजले. आठव्याची फक्त इस्त्री राहिली होती. बिचारा पहाटेपासून उपाशी धावत होता, चेहरा उतरला होता. साहेबांचा शिपाई चिठ्ठीसाठी दारात ताटकळत उभा. मी म्हटलं, "सही करून टाक आणि जा, कॅन्टीनमध्ये काहीतरी खाऊन ये. आठवा काही पळून जात नाही." तो म्हणाला, "पाहिल्याशिवाय कशी करू? आपण रागावू नका." मी हसले. म्हटलं, "अरे, तुझ्या वयाइतकी वर्षं झेंडे शिवतेय मी. माझ्यावर एवढाही भरवसा नाही?" तेव्हा त्याने फूटपट्टी खिशात ठेवली आणि सही केली. मी सांगितलं म्हणून केली, भिंगरी. त्याची बायको म्हणते ते अक्षर न् अक्षर खरं आहे.

तो खाली गेला आणि माझ्या इस्त्रीने पंख जाळला. ती इस्त्री मधेच तापते हे मला ठाऊक होतं, दोनदा तक्रार दिली होती, पण त्या दिवशी लक्ष माझंच नव्हतं. निळं कापड त्यांच्याकडून मापाने आलेलं, चिंधीसुद्धा उरलेली नाही. गाड्या निघायला पंचवीस मिनिटं. मी ट्रंक उघडली. राजाच्या वेळचा एक झेंडा काढला, गाडीवर बरीच वर्षं उन्हात फिरलेला. मुकुट उसवला. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली पाहिलं तर छान दिसला. मुकुटाखालचं कापड विटलेलं नसणार, बाहेरच्या उजेडात ते वेगळं उठून दिसणार, हे शाळेतल्या पोरीलाही कळलं असतं. मला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, ते मी अजून ठरवू शकत नाही. चालत्या गाडीवर कोण निरखून बघतंय, असं मनात आलं होतं एवढं नक्की आठवतं.

आणि ऐक, याहून वाईट पुढेच आहे. तो खाऊन परत आला. झेंडे खोक्यात भरून मी दोरी बांधत होते. त्याने खोक्याकडे हात नेला. म्हणाला, "आठवा एकदा बघू?" मी म्हटलं, "आता सोडू नकोस, चुरगळेल." त्याने हात मागे घेतला. वर म्हणाला, "आपले आभार." माझे आभार मानले त्याने!

चौकशीच्या दिवशी साहेबांना सांगायला गेले होते. ते दारातच म्हणाले, "बाई, चिठ्ठी आहे ना? मग तोंड उघडू नका. हा दोन देशांचा मामला आहे." मी आल्या पावली परतले. खरं सांगते, मला तेवढंच निमित्त हवं होतं. पेन्शनला चौदा महिने उरलेत, लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं की तो तुरुंगात आहे आणि त्याची बायको कागदासाठी दारोदार फिरते आहे.

सोबत एक पत्र ठेवलंय. घडलं तसं सगळं लिहिलंय, सही केली आहे, आजची तारीख घातली आहे. जळका झेंडाही ठेवलाय, म्हणजे म्हातारी भ्रमिष्ट झाली असं कोणी म्हणायला नको. इथे साहेबांना दिलं तर ते खणात जाईल. तू राजदूतांच्या हातात दे. तू टाइप केलेल्या खलित्यात जे खोटं आहे ते माझं आहे, तुझं नाही. तेवढं त्यांना सांग.

मला रागाव हवं तर, पण हे काम कर.

मावशी

---

३० मार्च

मावशी,

पत्र आणि झेंडा मिळाला. दिलं. आता ते मोठे लोक बघून घेतील, वेळ लागतो अशा गोष्टींना. तू मनाला लावून घेऊ नकोस. गुडघ्याला शेक देत जा.

भिंगरी

---

८ एप्रिल

माझ्या भिंगरीला पोटभर आशीर्वाद,

तुझ्या चार ओळी मी चाळीस वेळा वाचल्या असतील. दिलं! दोन महिन्यांत पहिल्यांदा मला घास गोड लागला. तुझ्या आईला सगळं सांगून टाकलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "लेक माझी आहे." मी म्हटलं, "शिवण माझ्याकडे शिकली आहे." त्यावरून आम्ही भांडलो सुद्धा.

आता मी वाट बघते आहे. खोलीतला फोन वाजला की मशीन थांबवते. बोलावतील, पुन्हा चौकशी बसेल, पेन्शन जाईल. जाऊ दे. परदेशी अधिकाऱ्याला अडकवणारी बाई म्हणून पेपरात फोटो आला तर निदान नवा चष्मा घालून काढा म्हणेन. ट्रंकही रिकामी केली. दोन साक्षीदार बोलावून अंगणात सगळे झेंडे जाळले.

फूटपट्टी घरी आला की नाही, तेवढं कळव. त्याच्या बायकोला माझा नमस्कार सांगता येणार नाही, ते मला समजतं. पण ती गुरुवारी आली तर खिडकीशी उभी ठेवू नकोस गं.

या वेळी चारच ओळींवर भागवलंस. राजदूतांनी कामाला जुंपलं असेल. मी समजून घेते.

तुझी मावशी

---

२४ एप्रिल

मावशी,

हे पत्र मी सहा वेळा लिहून फाडलं.

मंगळवारी निकाल लागला. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

मी तुझं पत्र दिलं नव्हतं. माझ्या कपाटात चादरींच्या खाली आहे, जळक्या झेंड्यात गुंडाळून. पत्र आलं त्या दिवशी मी ते घेऊन सचिवसाहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले. आत ते कोणाला तरी सांगत होते की हे चिठ्ठीचं प्रकरण मिटलं म्हणून परवाने मिळाले, आता कोणी हे उकरून काढलं तर बंदरातली आपली सगळी माणसं रस्त्यावर येतील. मी परत फिरले. स्वतःला सांगितलं, चार हजार माणसांसाठी थांबते आहे. मग सांगितलं, मावशीला तुरुंगात टाकतील, तिच्यासाठी थांबते आहे.

खरं कारण यातलं एकही नाही. मला इथून परत यायचं नव्हतं. इथे मला माझी एक खोली आहे, तिला खिडकी आहे, खिडकीत माझं टेबल आहे. महिन्याच्या महिन्याला मी घरी पैसे पाठवते आणि आई शेजाऱ्यांना सांगते. तुझं पत्र वर गेलं असतं तर पहिल्यांदा मला घरी धाडलं असतं. एवढ्याशा खोलीसाठी मी एका माणसाला आत जाऊ दिलं. आणि तुला 'दिलं' म्हणून लिहिलं, तेव्हा वाटलं होतं, आज नाही तर उद्या देऊच, म्हणजे तेवढं खोटं राहणार नाही. तुझं आठ तारखेचं पत्र आलं आणि तेही वाचून मी त्याच चादरींखाली सरकवलं.

त्याची बायको दर गुरुवारी येत होती. काल गुरुवार होता. काल आली आणि एवढंच म्हणाली की अपील करता येतं, मुदत एक महिन्याची आहे, पण काही नवा कागद दाखवता आला तरच. मग नेहमीसारखी वाट बघत बसली.

नवा कागद माझ्या चादरींखाली आहे. आता दिला तर ते पहिल्यांदा तारीख बघतील. १९ मार्च. निकालाच्या महिनाभर आधीची. मग विचारतील, इतके दिवस कोणाकडे होता?

मी काय करू ते तूच सांग. सांगू नकोस असंही वाटतं.

भिंगरी

---

३ मे

भिंगरी,

तुझं पत्र वाचलं आणि तुझा भयंकर राग आला. उगाच गोड कशाला बोलू? काल दिवसभर तुझ्या आईशीही बोलले नाही. भाची म्हणून जिला टाका घालायला शिकवलं तिने माझ्या नावावर सात वर्षं चढवली, असं मनात येत होतं.

मग हळूहळू राग उतरला. त्या पोराला "सही करून टाक" म्हणणारी मीच. तुला "दे" म्हणून मोकळी होणारीही मीच. माझं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवलं आणि इथे बसून मी चष्म्याचे विनोद करत होते. तू चोवीस वर्षांची आहेस. मी साठीला टेकले आणि तरी दारातून परत फिरले होते, तुझ्याच सारखी.

आता ऐक. राजदूत नकोत, साहेब नकोत. कागद त्याच्या बायकोच्या हातात दे. सोबत मी तेच पत्र पुन्हा लिहिलंय, शब्दाला शब्द, खाली आजची तारीख. जुनं फाडून टाक. कोणी विचारलं तर सांग, मावशीला निकाल ऐकल्यावर बुद्धी सुचली आणि पत्र आलं त्याच आठवड्यात मी दिलं. तुझ्यावर बोट येणार नाही. मला आणखी एक खोटा कागद करायला लागला, तो तुझ्यासाठी केला. याचं मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं होतं बहुतेक.

थैली मिळाली की पुढच्याच गुरुवारी दे. मुदत संपायला दिवस फार उरले नाहीत.

मावशी

---

१५ मे

मावशी,

थैलीतून हे माझं शेवटचं पत्र. याच्या पाठोपाठ मीच येते आहे. सचिवसाहेबांनी मंगळवारचं तिकीट हातात ठेवलं.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तुझं अक्षर दोन्हींत सारखं आहे. तिला आपली भाषा येत नाही, म्हणून इथल्या भाषेत भाषांतर करायला बसले. सगळं उतरवून झालं आणि वर तारखेची जागा मोकळी राहिली. कितीतरी वेळ पेन हातात धरून बसले होते. ३ मे लिहिलं असतं तर मी सुटले असते आणि अपीलही झालं असतं, त्यात तिचं काय बिघडलं असतं, असं सारखं मनात येत होतं. मग वाटलं, त्या चिठ्ठीवरही 'आठ' असंच लिहिलं होतं, आणि तेव्हाही वाटलं होतं की कोणाचं काय बिघडणार आहे. १९ मार्च लिहिलं. तुझं नवं पत्र मी फाडलं. मला माफ कर, तू माझ्यासाठी लिहिलं होतंस.

काल गुरुवारी ती आली. खिडकी न उघडता मी बाहेर गेले आणि बाकावर तिच्या शेजारी बसले. पाकीट दिलं, जळका झेंडा दिला, मावशीने पाठवलंय म्हटलं. तिने झेंडा मांडीवर पसरला आणि जळलेल्या पंखावरून हात फिरवला. मग भाषांतर उघडलं. तिचा नवरा तिथे असता तर त्यानेही हेच केलं असतं बघ, तिने पहिल्यांदा तारीख वाचली. ओठ हलवत काहीतरी हिशेब केला. मग सगळं पत्र वाचलं, शेवटपर्यंत, आणि पुन्हा वर तारखेवर आली.

म्हणाली, "हे आमच्याकडे आणायला तुमच्या टपालाला किती दिवस लागतात?"

मी म्हटलं, "आठ दिवस."

"म्हणजे मार्चच्या शेवटी इथे पोचलं."

मी हो म्हटलं.

"कोणाकडे होतं?"

"माझ्याकडे."

ती ओरडेल, मारेल, सगळ्या वकिलातीला गोळा करेल, अशी मी तयारी करून गेले होते. तिने कागद घडी घालून पिशवीत ठेवले, झेंडा ठेवला, पिशवीची दोरी ओढली. वकिलाची कचेरी किती वाजता बंद होते ते मला विचारलं. मी सांगितलं. ती उठली आणि दोन पावलं जाऊन थांबली.

"एप्रिलमध्ये एकदा खूप गर्दी होती," ती म्हणाली. "तू आतून तुझी खुर्ची आणून मला बसायला दिली होतीस. मी घरी जाऊन माझ्या मुलीला सांगितलं की तिथे एक चांगली मुलगी आहे."

मग ती गेली. तशीच वर जाऊन मी सचिवसाहेबांना सगळं सांगितलं. ते खूप बोलले, त्यातलं मला काही ऐकू आलं नाही.

मावशी, तिने मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

भिंगरी